चष्मा गेल्यानंतरचे सहा महिने

लेसरच्या साहाय्याने चष्म्याचा नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही तिचे फलक दिसतात आणि त्यांवरील मजकूर बहुधा एकाच धर्तीचा असतो: वेदना नाहीत, टाके नाहीत, दहा मिनिटांत चष्म्यापासून मुक्ती. सर्वाधिक प्रचलित अशा लॅसिक पद्धतीपुरते बोलायचे, तर यातील एकही शब्द फारसा खोटा नाही. मात्र शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांच्या बोलण्यात त्या दहा मिनिटांना फारसे स्थान नसते. ते सांगतात ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळविषयी, रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांविषयी आणि संगणकासमोर बसल्यावर दुपारनंतर डोळ्यांत खुपू लागणाऱ्या वाळूविषयी. निर्णय घेण्यापूर्वी जाणून घ्यायला हवे ते नेमके हेच, आणि फलकावर नेमके तेच नसते.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम बुबुळावरील पारदर्शक पडदा करतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला पारपटल असे नाव आहे. त्याची मध्यभागीची जाडी सर्वसाधारणपणे ५२० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. वजा नंबर असलेल्या डोळ्यात प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. लेसरने पारपटलाचा मधला भाग किंचित सपाट केला, की ती मागे सरकून दृष्टिपटलावर येते. सगळी शस्त्रक्रिया एवढीच. डोळ्याच्या आत कोणतेही उपकरण जात नाही.

याच्या तीन पद्धती रूढ आहेत आणि नंतरचे दिवस कसे जातील, हे त्यांपैकी कोणती निवडली यावर बरेचसे ठरते. लॅसिकमध्ये पारपटलाच्या वरच्या थराची सुमारे ११० मायक्रॉन जाडीची पातळ झडप कापून पुस्तकाच्या पानासारखी उलटतात, खालचा भाग लेसरने घासतात आणि झडप पुन्हा जागेवर बसवितात. पीआरके ही याहून जुनी पद्धत. तीत झडप नसते. वरची नाजूक त्वचा खरवडून काढतात व थेट लेसर देतात. स्माइल या तुलनेने नव्या पद्धतीत फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आतच एक चकती कोरली जाते आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पद्धतीला २०१६ मध्ये मान्यता दिली.

टेबलावरची दहा मिनिटे

पूर्ण भूल दिली जात नाही. डोळा बधिर करणारे थेंब तेवढे घातले जातात. "मध्येच पापणी मिटली तर?" ही जवळजवळ प्रत्येकाची भीती; परंतु पापण्या छोट्या चिमट्याने उघड्या ठेवलेल्या असतात. डोळा थोडासा हलला, तर यंत्र त्याच्या मागोमाग जाते आणि अधिक हलला तर थांबते. खरा अवघड क्षण वेगळाच आहे. झडप कापताना डोळ्यावर एक कडे बसवून ते हवेच्या ओढीने घट्ट केले जाते. त्या वेळी डोळा कोणी दाबून धरल्यासारखे वाटते आणि काही सेकंद समोरचे दिसेनासे होऊ शकते. ज्यांना याची पूर्वकल्पना असते ते हा क्षण शांतपणे काढतात. नसते ते घाबरतात. समुपदेशनाच्या पाच मिनिटांत सांगता येणारी ही गोष्ट अनेक ठिकाणी सांगितली जात नाही, याचे आश्चर्य वाटते.

पुढे लेसरचा एकसुरी टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास. आपला डोळा जळतो आहे, असे वाटून रुग्ण हबकतात. प्रत्यक्षात येथे काही जळत नाही. एक्सायमर लेसरची १९३ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील किरणे ऊतींतील रेणूंचे बंध तोडतात व तो सूक्ष्म थर उडून जातो. शेजारच्या भागाला उष्णता जवळजवळ पोचत नाही. या गुणाचा शोध लागला तो एका संगणक कंपनीत. मद्रासमध्ये १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स वाइन व सॅम्युएल ब्लम यांनी १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये आयबीएमच्या न्यूयॉर्क राज्यातील प्रयोगशाळेत हा लेसर सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर वापरून पाहिला. कापलेली कड स्वच्छ होती, करपलेली नव्हती. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासह पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये डॉ. मार्गरिट मॅकडोनल्ड यांनी दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर पहिली पीआरके केली. आणि नव्वदीच्या दशकारंभी ग्रीसमधील क्रीट बेटावर डॉ. इओआनिस पाल्लिकारिस यांनी झडप व लेसर यांची सांगड घालून लॅसिक घडविली.

पहिला आठवडा

लॅसिकनंतरचे पहिले चार ते सहा तास खरोखर त्रासाचे असतात. डोळे चुरचुरतात, पाणी थांबत नाही, प्रकाश सहन होत नाही आणि सगळे धुक्यातून किंवा पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसते. सोबत कोणीतरी असावेच. घरी जाऊन झोपणे हा या काळातला सर्वोत्तम उपाय. दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी चष्मा चाचपडण्याची सवय असलेल्या माणसाला भिंतीवरचे घड्याळ स्पष्ट दिसते. अनेक वर्षे वजा पाच-सहा नंबर वागविलेल्यांच्या डोळ्यांत या वेळी येणारे पाणी केवळ शस्त्रक्रियेमुळे नसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसल्यास घाबरू नये. कड्याच्या दाबाने सूक्ष्म रक्तवाहिनी फुटून ते उमटतात आणि दोन-तीन आठवड्यांत विरून जातात.

पीआरकेची कहाणी अगदी निराळी. खरवडलेली त्वचा पुन्हा येईपर्यंत, म्हणजे चार-पाच दिवस, डोळ्यावर संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स असते. पहिले दोन-तीन दिवस वेदना चांगल्याच जाणवतात. दृष्टी आज बरी, उद्या पुन्हा धूसर अशी हेलकावे खात काही आठवड्यांनी स्थिरावते. लॅसिक झालेल्या मित्राचा अनुभव ऐकून पीआरके करून घेणारा तिसऱ्या दिवशी हमखास हवालदिल होतो. मग ही पद्धत निवडायची कशासाठी? झडप नसल्याने ती पुढे कधी सरकण्याचे भय नाही, आणि पारपटल काहीसे पातळ असल्यास त्यातील बळकट भाग अधिक शिल्लक राहतो. कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांसाठी हा विचार महत्त्वाचा आहे, कारण लॅसिकची झडप जोराच्या फटक्याने अनेक वर्षांनंतरही हलल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. स्माइलमध्ये झडप नसते आणि वेदनाही थोड्याच. मात्र दृष्टीत पूर्ण स्वच्छता यायला लॅसिकपेक्षा काही दिवस अधिक लागू शकतात.

पथ्ये साधीच आहेत, पण आपल्याकडील जीवनक्रमात ती पाळणे तितके साधे नाही. डोळे चोळायचे नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचे. झोपताना डोळ्यांवर प्लॅस्टिकची ढाल, डोक्यावरून आंघोळ काही दिवस बंद, काजळ आणि डोळ्यांची इतर प्रसाधने दोनेक आठवडे वर्ज्य, पोहणे दोन आठवडे ते महिनाभर नाही. दुचाकी हे ज्यांचे रोजचे वाहन आहे, त्यांनी धुळीचा आणि वाऱ्याचा विचार आधीच करावा. रंगपंचमी किंवा गणेश विसर्जनाचा गुलाल दोन-तीन आठवड्यांवर आला असेल, तर तारीख पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. आणि वेदना वाढत चालल्या, डोळा अधिक लाल होऊ लागला किंवा काल दिसत होते त्याहून आज कमी दिसू लागले, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना डोळा दाखवावा. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झालाच तर येथे तासांचा हिशेब असतो.

तक्ता काय सांगत नाही

नेत्रतपासणीचा तक्ता १८६२ मध्ये डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेन यांनी तयार केला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळीभोर अक्षरे, उजळलेली खोली, सहा मीटर अंतर. त्या कसोटीवर ६/६ दृष्टी आली, की शस्त्रक्रिया यशस्वी अशी नोंद होते. पण माणूस तक्त्याकडे पाहत जगत नाही. पावसाळी रात्री द्रुतगती मार्गावर गाडी चालविताना, अंधाऱ्या नाट्यगृहात खुर्चीचा क्रमांक शोधताना दृष्टीची जी प्रत लागते, ती हा तक्ता मोजतच नाही.

चंद्राला खळे पडावे तसे दिव्याभोवती वलय दिसणे, दिव्यातून ताऱ्यासारख्या रेषा फुटणे, डोळे दिपणे आणि अक्षराला पुसटशी सावली दिसणे अशा चार प्रकारच्या तक्रारी रुग्ण करतात. अंधारात बाहुली विस्फारते आणि लेसर दिलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत येऊ लागतो, हे यामागचे एक महत्त्वाचे कारण. या तक्रारींची पद्धतशीर मोजणी व्हायला बराच काळ जावा लागला. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे असमाधानी रुग्णांनी आणि मृत रुग्णांच्या आप्तांनी आपली कैफियत मांडली. त्यानंतर तेथील राष्ट्रीय नेत्रसंस्था व संरक्षण खाते यांच्या सहकार्याने जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नौदलातील २६२ आणि नागरी जीवनातील ३१२ व्यक्ती होत्या.

या निष्कर्षांतील दोन्ही बाजू नीट वाचायला हव्यात, कारण जाहिरातदार एक उचलतात आणि विरोधक दुसरी. आपल्या दृष्टीविषयी समाधानी असलेल्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक होते. वरील चारपैकी काही ना काही त्रास असलेल्यांची एकूण संख्याही शस्त्रक्रियेनंतर घटली. म्हणजे चष्मा-लेन्समुळे ज्यांना आधीच असे त्रास होते, त्यांतील अनेकांचे ते गेले. परंतु ज्यांना पूर्वी असा कोणताही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी तब्बल ४३ ते ४६ टक्क्यांना तिसऱ्या महिन्यात निदान एक नवा त्रास जाणवत होता. त्यात वलयांचे प्रमाण सर्वाधिक. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो नव्याने सुरू झाला होता. या त्रासांमुळे नेहमीचे व्यवहार करणे फार अवघड वा अशक्य झालेले एक टक्क्याहूनही कमी होते.

याच अभ्यासातील आणखी एक नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. छापील प्रश्नावलीत ज्यांनी त्रास नोंदविला, त्यांची संख्या तोच त्रास डॉक्टरांना तोंडी सांगणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होती. डॉक्टरांच्या खोलीत शेवटची ओळ वाचून झाली, "छान, ६/६!" असे शब्द कानी पडले, की त्यानंतर रात्रीच्या दिव्यांची तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटते. आपल्याकडे तर डॉक्टरांना उलट काही विचारू नये असा संस्कारच आहे. मात्र यातील काही त्रासांवर उपाय असतात. थोडा नंबर शिल्लक असेल तर रात्रीच्या वाहनचालनापुरता चष्मा, झडपेला सुरकुती असेल तर ती सरळ करणे, नंबर स्थिरावल्यावर आवश्यक तर पुन्हा लेसर. उपाय तेव्हाच होतील, जेव्हा तक्रार केसपेपरवर लिहिली जाईल. म्हणून प्रत्येक भेटीपूर्वी कोणत्या वेळी, कोणत्या डोळ्याला, काय दिसते हे कागदावर टिपून न्यावे आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा.

डोळ्यांतील वाळू

पारपटल हा शरीरातील सर्वाधिक संवेदनशील भागांपैकी एक. त्यातील बारीक मज्जातंतू डोळा कोरडा झाल्याची वार्ता मेंदूला देतात, मग अश्रू येतात आणि पापणी लवते. झडप कापताना हे तंतू तुटतात. ते पुन्हा वाढतात, पण त्यासाठी सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर डोळा कोरडा राहतो. स्माइलमध्ये छेद लहान असल्याने तुलनेने कमी तंतू तुटतात. कोरडेपणा मात्र तिच्यातही होतो. वातानुकूलित कार्यालय आणि दिवसभर संगणक यांची भर पडली, की त्रास वाढतो, कारण पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. परिरक्षक नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, मधूनमधून जाणीवपूर्वक पापण्या मिटणे, वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर न घेणे, पापण्यांना कोमट शेक यांनी बहुतेकांचे भागते. तेवढ्याने न भागल्यास अश्रुमार्गात बसवायच्या बारीक गुडद्या आणि सायक्लोस्पोरिनचे थेंब असे पुढचे उपाय आहेत. अगदी थोड्यांच्या बाबतीत तपासणीत काहीच दोष दिसत नाही, पण मज्जातंतूंपासून उद्भवणारी वेदना टिकून राहते. "डोळा उत्तम आहे" हे उत्तर अशा रुग्णाला पुरत नाही. त्याने पारपटलाच्या विकारांत विशेष काम करणाऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने डोळ्याला आराम वाटतो, म्हणून बाटली संपल्यावर काही जण औषधाच्या दुकानातून परस्पर दुसरी आणतात. दीर्घकाळ घातलेल्या स्टेरॉइडने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यातून लेसरने पातळ झालेल्या पारपटलावर हा दाब मोजला असता प्रत्यक्षाहून कमी भरतो. धोका त्यामुळे दुहेरी आहे.

नकार मिळाला तर

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत पारपटलाच्या उंच-सखलपणाचा नकाशा काढतात. तो विश्वसनीय यावा यासाठी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ आधी बंद करावी लागते. बाकीचा हिशेब वाचकांनाही करता येईल. एक डायॉप्टर नंबर घालवायला ढोबळमानाने १४ मायक्रॉन खर्च होतात. पारपटल ५४० मायक्रॉनचे, नंबर वजा सहा, झडप ११० मायक्रॉनची असेल तर खाली ३४६ मायक्रॉन उरतात. हे पुरेसे आहे. पारपटल ४९० चे आणि नंबर वजा नऊ असेल तर उरतात केवळ २५४. किमान २५० हवेत हा जुना संकेत कागदोपत्री पाळला गेला, तरी अनेक शल्यविशारद आता २८० ते ३०० चा आग्रह धरतात आणि अशा डोळ्याला लॅसिक नाकारतात. ते योग्यच आहे. पारपटल दुबळे झाले, तर काही महिन्यांनी वा वर्षांनी ते पुढे फुगू लागते, सिलिंडरचा नंबर वाढत जातो आणि चष्म्यानेही नीट दिसेनासे होते.

ज्यांचे पारपटल जन्मतः शंकूसारखे होण्याकडे झुकलेले असते, त्यांना हा धोका सर्वाधिक. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात तीस वर्षांवरील लोकांच्या पाहणीत, पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर वा अधिक असणे ही एकच कसोटी लावली असता, २.३ टक्के लोकांत असा शंकूदोष आढळला होता. ही पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. कसोटी ढोबळ आहे हे मान्य करूनही, आपल्याकडे नकाशाची तपासणी किती काटेकोर हवी हे त्यावरून कळते. नंबर वर्षभर स्थिर नसणे, अठरापेक्षा कमी वय, गर्भारपण वा अंगावर पाजण्याचा काळ, आटोक्यात नसलेला मधुमेह, संधिवातासारखे विकार आणि आधीपासूनचा तीव्र कोरडेपणा हीदेखील थांबण्याची वा नाकारण्याची कारणे होत. एका ठिकाणी नकार मिळाल्यावर "होय" म्हणणारे दुसरे रुग्णालय शोधत फिरणारे दिसतात. पहिल्या डॉक्टरांनी आपली फी सोडून नकार का दिला, याचा त्यांनी विचार करावा.

सैन्यदलांत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी तर आधी भरतीची अधिसूचना वाचावी. काही शाखांत ही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो, तर काहींत वय, शस्त्रक्रियेनंतर गेलेले महिने आणि उरलेली पारपटलाची जाडी यांच्या अटी असतात. खर्चाच्या बाबतीत, बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च वगळलेला असतो.

चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. जवळचे वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळीशी' म्हणतो, आणि लेसरने ती टळत नाही. उलट वजा दोन नंबर असलेला बेचाळिशीचा माणूस चष्मा काढून वर्तमानपत्र आरामात वाचतो. लांबचा नंबर गेल्यावर ही सोय जाते आणि वाचायला नवा चष्मा लागतो. एक डोळा लांबचे व दुसरा जवळचे पाहण्यासाठी ठेवण्याची युक्ती आहे, पण ती सर्वांना मानवत नाही. आधी काही दिवस तशा कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहाव्यात.

चष्मा गेला म्हणजे डोळा निर्दोष झाला, असेही नव्हे. मोठ्या वजा नंबराचा डोळा लांबीने अधिक असतो, त्याचे दृष्टिपटल ताणलेले व पातळ असते आणि लेसरने त्यात काहीही बदल होत नाही. काळे ठिपके अचानक वाढणे, विजेसारखे चमकणे, पडदा सरकल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणे यांनाही तितकीच लागू आहेत. बाहुली मोठी करून होणारी वार्षिक तपासणी त्यांनी चालू ठेवावी.

आणि शस्त्रक्रियेची फाईल रद्दीत जाऊ देऊ नये. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल, तेव्हा डोळ्यात बसवायच्या भिंगाची शक्ती ठरविताना नेहमीची गणिते चुकतात, कारण पारपटलाचा मूळ आकार बदललेला असतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची वक्रता व जाडी आणि किती मायक्रॉन काढले याची नोंद त्या डॉक्टरांना मोठी मदत करते. रुग्णालये बंद पडतात, संगणक बदलतात. डिस्चार्जच्या दिवशीच या नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि जन्मदाखला, विम्याचे कागद ठेवतो त्याच कपाटात ठेवावी.